खारपाणपट्ट्यातली फुलबाग

आमच्या विहिरीचं पाणी दिसायला नितळ आहे, पण चूळ भरली की तोंड खारट होतं. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरे डाग उरतात. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. वर काळी कसदार माती, खाली खारं पाणी. पिकांचं इथं पावसावर भागतं, कापूस येतो, तूर येते, हरभरा येतो. अंगणात फुलं लावायची म्हटली की मात्र घरोघरी एकच उत्तर मिळतं, जगत नाहीत.

फुलझाडांविषयी मराठीत जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक पुण्या-नाशकाकडच्या मातीपाण्याचं असतं. ते चुकीचं नाही, पण इथं लागू पडत नाही. लाल माती, गोडं पाणी, सौम्य उन्हाळा असं धरून दिलेला सल्ला आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की निरुपयोगी होतो, आणि काही सल्ले तर आमच्या मातीला उलट बाधतात. म्हणून आमच्या अंगणात काय टिकलं, का टिकलं आणि त्यासाठी काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्या गावचं पाणी खारं आहे त्यांना ते उपयोगी पडावं एवढीच इच्छा आहे.

माझं माहेर परतवाड्याचं. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी गोड, निचऱ्याची जमीन, चहूकडे संत्र्याचे बगीचे. आईच्या अंगणात गुलाब, मोगरा, एक्झोरा, जास्वंद सगळं असायचं. लग्नानंतर वडिलांनी त्यातलीच कलमं आणि रोपं भरून पाठवली. पावसाळाभर ती छान राहिली. दिवाळीनंतर विहिरीचं पाणी सुरू झालं तशी आधी जुन्या पानांची टोकं करपली, मग कडा करपल्या, आणि उन्हाळा लागायच्या आत गुलाब आणि एक्झोरा संपले. सासूबाई समजावत होत्या, “अवं पोरी, ह्या मातीत पऱ्हाटी येते, तूर येते. गुलाबाचं कुठी येते अठी!” सासरे कमी बोलतात. त्यांनी एकच वाक्य सांगितलं, आणि माझ्या सगळ्या बागेची रचना पुढे त्यावरच झाली. “पाणी पाहून झाड लावाव. झाड पाहून पाणी कुठून आनशीन?”

मग पाणी खरोखरच पाहायचं ठरवलं. विहिरीचं पाणी बाटलीत आणि अंगणातली माती पिशवीत भरून तपासणीला दिली. मातीचा नमुना घेताना वरचा पालापाचोळा बाजूला करून वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्यायची असते. चार-पाच जागची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो द्यायची. खत टाकलेल्या जागेची किंवा ढोरांच्या कोठ्याजवळची माती घ्यायची नाही. तपासणीला खर्च फार येत नाही. कृषी विज्ञान केंद्रात आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ही सोय आहे. फुलझाडांवर पैसे घालण्याआधी हे करावं असं मी प्रत्येकाला सांगते.

अहवालात मातीचा सामू, म्हणजे पीएच, ८.८ आला. ७ म्हणजे उदासीन, त्याच्या वर विम्ल. साडेआठच्या वर गेला आणि मातीत सोडियमचं प्रमाण जास्त असलं की ती जमीन चोपण. पाण्याची क्षारता विद्युत वाहकतेवरून मोजतात. ती ०.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या खाली असेल तर पाणी बिनघोर वापरावं आणि ३ च्या वर असेल तर जपून, असा ढोबळ मापदंड आहे. आमची विहीर ३ च्या वर होती. म्हणजे गोष्टी दोन होत्या. पाण्यातल्या क्षारांमुळे मुळांना ओल असूनही पाणी ओढता येत नाही, ही पहिली. आणि सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, त्यामुळे पाऊस पडला की माती भिजवलेल्या कणकेसारखी होते, वाळली की दगड, ही दुसरी. वरून पाणी आहे आणि मूळ मात्र कुजतंय किंवा तहानलंय, असं आमच्या अंगणात नेहमी व्हायचं ते यामुळे.

चोपण मातीवर उपाय जिप्समचा. जिप्समातलं कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेतं, सुटा झालेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून जातो. नुसतं जिप्सम टाकून हे होत नाही, पाणी खाली जायला वाट हवी. आमच्या अहवालाबरोबर हेक्टरी अडीच टनाची शिफारस आली होती. अंगणाच्या हिशेबात ते चौरस मीटरला पाव किलो झालं. मेच्या शेवटी, नवतप्यात माती भाजून निघालेली असते तेव्हा वाफे खणले, जिप्सम वरच्या वीतभर मातीत मिसळलं आणि पावसाची वाट पाहिली. पहिल्या चांगल्या पावसावर त्याच वाफ्यात हिरवळीच्या खतासाठी ढैंचा पेरला. ढैंचा चोपण जमिनीत जोमानं वाढतो आणि त्याची मुळं माती फोडत खाली जातात. दीड महिन्यानं तो फुलावर यायच्या बेतात कापून तिथंच गाडला. शेजारणी म्हणाल्या, फुलांच्या जागी हे काय गवत लावलं. पण दिवाळीच्या सुमारास त्या मातीत खुरपं सहज जायला लागलं होतं, आणि हाच मला पटलेला पुरावा. जिप्सम एकदा टाकून भागत नाही. खारं पाणी पुन्हा सोडियम आणून टाकतं, म्हणून एक वर्षाआड पुन्हा टाकते.

वाफे जमिनीपासून फूटभर उंच केले, म्हणजे गादीवाफे. दोन वाफ्यांमध्ये चर काढून तो बाहेरच्या नालीला जोडला. खारपाणपट्ट्यात उंच वाफ्याशिवाय फुलझाड लावू नये असं माझं ठाम मत आहे. सदाफुलीसारखं सोशिक झाडसुद्धा श्रावणात पाणी साचलं की दोन दिवसांत मान टाकतं, कारण मूळ कुजतं. तेच झाड उंच वाफ्यावर वर्षभर फुलतं.

यानंतरचं काम पावसाच्या पाण्याचं. नळाला शहानूर धरणाचं गोडं पाणी येतं, पण ते पिण्याचं आहे. ज्या भागात लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खारं पाणी पिऊन दिवस काढले तिथं नळाचं पाणी झाडांना घालणं मला पटत नाही, घरात तसा दंडकच आहे. घरावरचे टिन मात्र मोकळे होते. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर छपरावर पडला की एक लिटर पाणी होतं. आमचं छप्पर साठ चौरस मीटर आहे आणि वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटर धरला तरी बेचाळीस हजार लिटर पाणी नुसतं पन्हाळीतून वाहून जात होतं. ह्यांनी दहा हजार लिटरचं सिमेंटचं टाकं बांधलं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी धूळ आणि पाखरांची घाण घेऊन येतं, ते बाहेर सोडतो. त्यानंतर पन्हाळीला कपड्याची गाळणी बांधून पाणी टाक्यात घेतो. टाकं पक्कं झाकलेलं असावं, उजेड गेला की शेवाळ येतं आणि फट राहिली की डास. दहा हजार लिटर ऐकायला खूप वाटतं, पण मार्चपासून मृगापर्यंत रोजचं शंभर लिटरच होतं. म्हणून ते सगळ्या बागेला नाही. रोपवाटिका, कुंड्या आणि नाजूक झाडं यांनाच ते, बाकीच्यांनी विहिरीवर जगायचं.

एवढं झाल्यावर झाडांची निवड आपोआप सोपी झाली, आणि इथंच मला सगळ्यात मोठी गोष्ट समजली. बाकी महाराष्ट्रात रंगीत फुलांचा हंगाम म्हणजे हिवाळा. खारपाणपट्ट्यात तो पावसाळा धरावा. मृगापासून हस्तापर्यंत आभाळातून येणारं पाणी गोड असतं आणि तेच पाणी मातीतले क्षार खाली ढकलतं. वर्षातले हे साडेतीन-चार महिने आपल्या अंगणात आणि परतवाड्याच्या अंगणात पाण्याचा काहीही फरक नसतो. म्हणून हंगामी फुलांची सगळी ताकद मी पावसाळ्यात लावते.

मृगाच्या आधी झिनिया, कॉसमॉस, तेरडा, कोंबडा आणि गॅलार्डिया यांचं बी टाक्याच्या पाण्यावर ट्रेमध्ये टाकायचं. तेरडा तर सरळ वाफ्यातच पेरला तरी येतो आणि पोळ्याच्या सुमारास गुलाबी, पांढऱ्या, जांभळ्या फुलांनी भरतो. झिनियाचं रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, मग बाजूनं फांद्या फुटतात आणि एका काडीवर एक फूल राहण्याऐवजी झुडूप होतं. सुकलेलं फूल देठासकट, खालच्या पानाच्या जोडीपर्यंत कापायचं. बी धरू दिलं की झाडाला वाटतं काम झालं, ते फुलायचं थांबतं. हे रोजचं काम आहे, सकाळी चहा होईपर्यंत एक फेरी मारली की होतं, आणि फुलबागेतला सगळा फरक या एका फेरीनं पडतो असं माझं मत आहे. खतापेक्षाही.

झेंडूचं गणित दसऱ्यावरून मागं मोजायचं. बी टाकल्यापासून रोप लावणीला यायला साधारण महिना, आणि लावणीपासून फुलं यायला दोन महिने धरायचे. म्हणून दसऱ्याच्या तीन-सव्वातीन महिने आधी बी पडलं पाहिजे. बुटका मखमली झेंडू त्याहून लवकर येतो. संकरित झेंडूच्या फुलातलं बी पुढच्या वर्षी धरू नये, झाडं एकसारखी निघत नाहीत. देशी वाणाचं खुशाल धरावं. झेंडूची एक ओळ मी परसातल्या तुरीच्या कडेनंही लावते. घाटेअळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो, म्हणून सापळा पीक म्हणून ती शिफारस आहे. त्या ओळीतल्या किडक्या कळ्या वेचून नष्ट कराव्या लागतात, नाहीतर आपणच अळीची सोय केल्यासारखं होतं.

भाद्रपदात महालक्ष्म्या येतात आणि त्या झाल्या की पौर्णिमेला भुलाबाई बसते. तेव्हा गल्लीतल्या सगळ्या मुली दारात असतात. “काकू, भुलाबाईले फुलं पाह्यजे.” पूर्वी हार दर्यापूरहून आणावे लागत. आता आमच्याकडच्या तेरड्या-झिनियावर तीन-चार घरांच्या महालक्ष्म्या सजतात. सासूबाई स्वतः टोपली घेऊन तोडायला बसतात आणि कुठल्या मुलीला कुठलं फूल आवडतं ते त्यांना पाठ आहे.

पाऊस संपला की काळ्या मातीचा एक गुण उपयोगी पडतो. ती ओल फार दिवस धरते. आमचा हरभरा याच ओलीवर निघतो, तर फुलांनी का नाही? सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, वाफ्यांवर चार बोटं जाड पसरलं की ओल टिकते आणि दुसरी गोष्ट अशी की बाष्पीभवन कमी झाल्यामुळे खालचे क्षार वर ओढले जात नाहीत. उघड्या वाफ्यावर माघात जो पांढरा पापुद्रा दिसतो तो याच ओढीनं आलेला असतो. कुटाराखाली तो अगदी कमी येतो. आमच्याकडे लोक कुटार ढोरांना घालतात आणि उरलेलं जाळतात, त्यातलं जाळायचं मी मागून आणते.

शेवंती मी हिवाळ्यासाठी ठेवते. तिला खारं पाणी आवडत नाही पण गादीवाफ्यावर, ओलीच्या जोरावर आणि अधूनमधून टाक्याच्या पाण्यावर ती निभावते. जुन्या झाडाच्या बुडाशी येणारे फुटवे जूनमध्ये वेगळे करून लावायचे. शेवंती रात्र लांबायला लागली की कळ्या धरते. एका वर्षी रस्त्याकडच्या वाफ्यातल्या झाडांना कळ्याच येईनात आणि घरामागच्या त्याच झाडांना मात्र बहर आला होता. विजेच्या खांबावर नवीन एलईडी दिवा लागला होता आणि त्याचा उजेड रात्रभर त्या वाफ्यावर पडत होता. शेवंती घरामागे हलवली आणि रस्त्याकडे गॅलार्डिया लावला, त्याला दिव्याचं काही वाटत नाही.

गॅलार्डियाविषयी थोडं जास्त लिहायला हवं. लाल-पिवळ्या, शेंदरी पाकळ्यांचं हे फूल हारवाल्यांकडे सगळ्यांनी पाहिलेलं असतं पण अंगणात क्वचित कुणी लावतं. खारं पाणी, हलकी-भारी माती, कडक ऊन हे सगळं ते सोसतं. फेब्रुवारीत बी टाकलं तर ऐन उन्हाळ्यात फुलतं. विहिरीच्या पाण्यावर मी सगळ्यात आधी ज्याच्यावर भरवसा ठेवला ते हंगामी फूल हे. त्याच्या जोडीला चिनी गुलाब, ज्याला कुणी ऑफिस टाइम म्हणतं. बोटभर काडी खोचली की लागते, ऊन चढलं की उघडते आणि दुपार कलली की मिटते. पानं मांसल असल्यानं ती पाणी साठवून ठेवते. तिला जास्त पाणी घालणं एवढंच टाळायचं.

आता मोठी झाडं. कुंपणाला बोगनवेल, हे मी कुणालाही डोळे मिटून सांगेन. आपण ज्याला तिचं फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं असतात, खरं फूल आत बारीक पांढरं असतं. म्हणूनच तो रंग आठवडेच्या आठवडे टिकतो. मूळची ती दक्षिण अमेरिकेतली, पण विदर्भाचा उन्हाळा तिला मानवला आहे. मार्च-एप्रिलमध्ये गावात हिरवं काही उरलेलं नसतं तेव्हा आमच्या कुंपणावर पानं कमी आणि रंग जास्त असतो. पाण्याचा ताण पडला की ती जास्त फुलते, आणि खत-पाणी भरपूर दिलं की नुसती पानंच काढते. माझ्याकडे गर्द लाल-जांभळी महारा आहे आणि एकाच वेलीवर पांढरा आणि किरमिजी असे दोन्ही रंग येणारी मेरी पामर आहे. गावात पाहुणे आले की ही दोन रंगांची वेल पाहायला आणतात.

तिची काडी आषाढात लावायची. पेन्सिलीएवढी जाड, पूर्ण हिरवी नाही आणि फार जून नाही अशी, वीतभर लांब. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यायचा, पानं काढायची, आणि भुसभुशीत मिश्रणात सावलीत खोचायची. सगळ्या लागत नाहीत, निम्म्या लागल्या तरी समाधान मानावं. मुळं फुटायला दीड-दोन महिने जातात आणि ती फार नाजूक असतात, म्हणून पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासकट लावायची, गोळा फुटू द्यायचा नाही. बहर ओसरला की जूनच्या आधी कडक छाटणी करायची. नवीन फुटीवरच पुढचा बहर येतो.

कण्हेरही खाऱ्या पाण्यावर मजेत येते, गुलाबी आणि पांढरी दोन्ही. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, पानं, फुलं, काडी, सगळंच. ओलं पान ढोरं सहसा तोंडात घेत नाहीत, वाळलेलं पान चाऱ्यात मिसळलं तर त्यांना कळत नाही. म्हणून कोठ्याजवळ, गंजीजवळ आणि पाण्याच्या हौदाजवळ कण्हेर लावू नये. तिची छाटणी केली तर काड्या त्याच दिवशी लांब नेऊन पुराव्यात. लहान मुलं असलेल्या घरात मी ती लावायला सांगतच नाही.

जास्वंदीवर सगळ्यात जास्त कष्ट पडले, आणि ती मला सोडवली नाही. आमच्या मातीत तिची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात. इथं कोवळी होत होती, म्हणजे लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, सामू जास्त असल्यानं मुळांना ते घेता येत नाही. उपाय फवारणीचा. एक लिटर पावसाच्या पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. दुकानात चिलेटेड लोह मिळतं, पण मातीतून द्यायचं असेल तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं पाहून घ्यावं. ईडीटीए प्रकारचं आमच्या सामूला टिकत नाही, पैसे वाया जातात.

जास्वंदीचं दुसरं दुखणं पिठ्या ढेकूण. जास्वंद आणि कापूस एकाच कुळातले, त्यामुळे वावरातला पिठ्या ढेकूण, तुडतुडा, पांढरी माशी सगळे तिच्याकडे हक्कानं येतात. गाजरगवतावरही पिठ्या ढेकूण राहतो, म्हणून कुंपणाबाहेरचं गाजरगवत फुलायच्या आत उपटणं हा बागेच्या कामाचाच भाग आहे. आणि मुंग्यांवर लक्ष ठेवायचं, त्या त्याला फांदीफांदीवर पोचवतात. उन्हाळ्यात गोळा करून वाळवलेल्या निंबोळ्या असतातच. पन्नास ग्रॅम कुटून रात्रभर एका लिटर पाण्यात भिजवायच्या, सकाळी गाळून, चिमूटभर साबण घालून फवारायचं. हा पाच टक्क्यांचा अर्क. जास्त झाला असेल तर ती फांदीच कापून जाळते.

काही घरगुती सल्ले आमच्या मातीला चालत नाहीत ते इथं सांगायलाच हवेत. चुलीची राख झाडाच्या बुडाशी टाकू नये. राख विम्ल असते, सामू आणखी वाढवते. चुना, अंड्याची टरफलं यांचीही गरज नाही, आपल्या मातीत चुनखडी मुळातच भरपूर आहे. भुरी या पानांवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी खायचा सोडा फवारा असं बरेच जण सांगतात. त्यात सोडियमच आहे आणि तोच आपण जिप्समनं बाहेर काढतो आहोत. झिनियावर भुरी आली तर मी खालची पानं काढून हवा खेळती करते आणि पाण्यात विरघळणारं गंधक फवारते, तेही कडक उन्हात नाही. कोकोपीट वापरायचं तर गोड्या पाण्यात दोनदा धुऊन, कारण त्यातही मीठ असू शकतं. नत्र द्यायचंच झालं तर थोडं अमोनियम सल्फेट, ते माती किंचित आम्लतेकडे नेतं. बाकी कुजलेलं शेणखत आणि लेंडीखत. अर्धवट कुजलेलं खत मात्र नको, हुमणी येते.

खारं पाणी घालण्याचीही रीत आहे. पानांवर कधीच नाही. पानावरचं पाणी उडून जातं, मीठ राहतं आणि पान करपतं. बुडाशीच घालायचं, आणि रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर, म्हणजे क्षार मुळांच्या खाली जातात. कुंडीच्या तळाशी मोठी भोकं हवीत आणि कडेला पांढरी रेघ दिसू लागली की टाक्याचं पाणी एकदम भरपूर घालून ती धुऊन काढायची. एप्रिल-मेमध्ये कुंड्यांवर हिरवी जाळी, अर्धी सावली देणारी. पाणी सकाळी सहाच्या आत. दुपारी जमीन तापलेली असताना घातलेलं बरंचसं पाणी उडून जातं.

गुलाब आता पुन्हा आहेत. वाफ्यात नाहीत, मोठ्या कुंड्यांत, फक्त टाक्याच्या पाण्यावर. जास्त ठेवता येत नाहीत, कारण रोजच्या शंभर लिटरांत त्यांचा वाटा ठरलेला आहे. सासूबाई देवाला वाहण्याआधी हातात धरून त्याचा वास घेतात, आणि त्या कुंडीचं पाणी कुणी विसरलं तर त्यांना आधी कळतं. एक्झोरा मात्र मी पुन्हा आणला नाही. त्याला आम्लधर्मी माती लागते आणि आमच्याकडे तो कायम आजारीच राहील. झाडाला रोज कसंबसं जगवत ठेवणं मला आवडत नाही.

सासरे संध्याकाळी खाट टाकून बागेकडे तोंड करून बसतात. त्यांच्या पाण्याच्या वाक्यावर ते अजून ठाम आहेत, फक्त आता गावातलं कुणी रोप मागायला आलं की आधी विचारतात, “तुमच्या हिरीचं पाणी तपासलं का जी?”

यंदा जिल्हा परिषद शाळेच्या कुंपणाला बोगनवेल लावायची ठरली आहे. शाळेचा वापर लक्षात घेऊन काटे कमी असलेल्या वेलीच्या काड्या आषाढात खोचायच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत लागवड करायची. खड्डे मेमध्येच घ्यावे लागतील, प्रत्येकात जिप्सम आणि शेणखत घालून पहिला पाऊस त्यावर पडू द्यायचा आहे. शाळेच्या टिनांना पन्हाळी बसवण्याबद्दल गुरुजींशी बोलणं झालंय. वेलींच्या पायथ्याला मुलांनी गॅलार्डिया पेरायचा, त्याचं बी मी वाळवून पुड्या बांधून ठेवलेलं आहे.